केसाएवढी खाच

डोंबिवलीशेजारी कोपरला मावशीच्या खोलीत मला रोज जाग यायची ती शेजारच्या मिक्सरनं. मधली भिंत इतकी पातळ, की पलीकडच्या काकूंनी भांड्यात खोबरं टाकलंय की डाळं, तेही कळायचं. आधी खडखड, मग घरघर, मग एक लांब किंकाळी. मावशीचे यजमान, माझे काका, अंथरुणात डोळे मिटूनच म्हणायचे, "पातं गेलंय. किती वेळा सांगितलं बाईला, आणून द्या, फुकट लावून देतो." त्याच्याही आधी, चारपासून, मावशी उठलेली असायची. डोंबिवलीतल्या एका पोळीभाजी केंद्राला ती ज्वारीच्या भाकऱ्या करून द्यायची. तिच्या थापटण्याचा आवाज मला झोपेत ऐकू यायचा आणि त्या आवाजात मी वाशीमच्या पलीकडच्या आमच्या गावात असायची, चुलीपाशी, आईजवळ. मग मिक्सर सुरू झाला की गाव जायचं आणि ठाणं यायचं, दुकान यायचं, आणि आज आपल्या हातून काय बिघडणार ही धास्ती पोटात येऊन बसायची. ती धास्ती घेऊनच मी दात घासायची. मावशी म्हणायची, "काहून वं, तोंड काहून असं पाडलं? कोनं मारलं काय तुले?" कोणी मारलेलं नसायचं. त्या घरात मला कोणी कधी वाकडा शब्दही बोललं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचंच ओझं जास्त होतं.

मी आठवीतून शाळा सोडलेली. कारण सांगण्यासारखं मोठं नाही. नववीचा वर्ग दुसऱ्या गावात, आईचं दुखणं घरात, आणि दादाला वाटायचं मुलीला एवढं पुरे. आई गेल्यावर मावशीनं मला इकडे आणलं ते 'चार महिने राहू दे' म्हणून. चार महिन्यांचं वर्ष झालं, दोन झाली. दादाचा दर रविवारी संध्याकाळी फोन यायचा. "जमते ना तिकडं? जमत नसन तं ये वापस. एक स्थळ हाय, चांगलं हाय, विहीर हाय त्याईची." मी म्हणायची, जमते. फोन ठेवल्यावर मावशी विचारायची नाही काय बोलणं झालं. ताटात भाकरी वाढायची, वर ठेच्याचा गोळा ठेवायची, आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोची काच पदरानं पुसायची, आधीच पुसलेली असली तरी.

काकांचं दुकान नौपाड्यात होतं, एका दवाखान्याच्या आणि शिंप्याच्या मधे. दुकान कसलं, शटरमागची खाच. दोन माणसं समोरासमोर उभी राहिली की भरलं. आत दोन दगडी चाकं, एक पट्ट्याची मशीन, आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या कात्र्या. आम्ही धार लावायचो. शिंप्यांच्या कात्र्या, पार्लरच्या, दवाखान्याच्या, घरच्या सुऱ्या, विळ्या, मिक्सरची पाती. काकांना लोक सांगायचे, पोरीच्या हातात चाक देऊ नका, बोटं जातील. काका म्हणायचे, "चाकाला कळतंय होय, हात कोणाचा आहे?" त्यांनी मला हात धरून शिकवलं. त्यांचा एकच नियम होता आणि तो ते दिवसातून दहादा म्हणायचे: "झिजलेलं आधी सरळ कर. सरळ झाल्याशिवाय धारेचं नाव काढायचं नाही." कात्री मधे खोलगट झाली असेल, विळीला पोट पडलं असेल, तर ती वापराची झीज. ती घालव, पातं सपाट कर, मग धार. हा नियम मी पाठ केला होता, शाळेत पाढे केले होते त्याहून पक्का. सगळं घडलं ते त्या नियमानंच.

तो बुधवार होता. काका डोळ्याच्या डॉक्टरकडे गेले होते. मोतीबिंदू पिकत आला होता. मी एकटी होते. दुपारी म्हात्रेभाऊ आले. हे मूळचे कोळशेतकडचे, मासळीच्या बर्फाच्या कारखान्यात उभा जन्म गेलेला, आणि आता एका मॉलमध्ये बर्फावर घसरायचं मैदान झालं होतं तिथं बर्फ सांभाळायची नोकरी. काकांचे जुने गिऱ्हाईक, त्यांच्या बायकोच्या कोयत्या आम्हीच लावायचो.

"काय गो पोरी, काका कुठं गेलं?"

"डोळ्याच्या डॉक्टरकडं. उशीर होईल."

"मंग तूच बग." त्यांनी पिशवीतून बुटांचा एक जोड काढून फळीवर ठेवला. काळे, होडीएवढे मोठे, आणि खाली पोलादाची लांब पट्टी. "आमच्या रशियनाचं बूट हाईत. धार लावाची हाय. आमची मशीन जल्ली, पार्ट येयाला आठ दिस लागतील, आनि याला सुक्रवारी सकाली पायजेत."

"रशियन कोण?"

"अगो, झेन्या. पोरांना सिकवतो तिथं. बर्फावरच्या हॉकीचा लय मोठा प्लेयर होता, टीव्हीवर खेलायचा तिकडं. गुडघा मोडला, टीमनं काढला. आता तिकडची येक टीम बोलते, विडिओ पाठव, गुडघा कसा हाय बगू. सुक्रवारी दुपारपरयंत पाठवला तं पाठवला, नाय तं त्यांची यादी बंद. म्हनजे संपला त्यो." त्यांनी बूट माझ्याकडे सरकवले. "नीट कर हां. मना त्याचं तोंड बगवत नाय. रविवारी अस्वलाचा ड्रेस घालून वाढदिवसाच्या पोरांना फिरवतो बिचारा."

ते गेल्यावर मी पहिल्यांदा हात पुसले. मग बूट उलटा धरून धार शोधू लागले. धार नव्हतीच. सुरीसारखी कड नाही, काही नाही. तीन-एक मिलिमीटर रुंदीची पट्टी, लांबीत होडीच्या तळासारखी किंचित गोल, आणि खाली नुसतं पोलाद. ट्यूबलाइटखाली तिरकं धरल्यावर मधोमध एक सावली दिसली. नख फिरवलं. हलकासा खळगा लागला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि दोन्ही बाजूंना किंचित वर आलेल्या कडा. मला एकदम उलगडा झाल्यासारखं वाटलं. माणूस एवढा जड, रोज याच्यावर पळतो, मधे झिजणारच. देवळाच्या पायरीला मधे खळगा पडतो तसा. झिजलेलं आधी सरळ कर.

दोन्ही बूट करायला मला दीड तास लागला. लांबीतली गोलाई मी हलू दिली नाही, ती बनवणाऱ्यानं दिलेली आहे एवढं कळत होतं. पण मधला खळगा पार घालवला. पट्टीवर आडवी फूटपट्टी ठेवून बघितलं, खालून उजेडाचा केस येईना. मग पट्ट्यावर घासून, चिंधीनं पुसून, असं चकाकवलं की त्यात मला माझं नाक दिसलं. काका आले तेव्हा डोळ्यांत औषध घातल्यानं त्यांना सगळं धुरकट दिसत होतं. त्यांनी अंगठा फिरवला. "आरसा केलास की," म्हणाले. संध्याकाळी म्हात्रेभाऊ बूट घेऊन गेले. त्या दिवशी घरी जाताना माझ्या पोटात ती धास्ती नव्हती. इतकं हलकं मला ठाण्यात आल्यापासून वाटलं नव्हतं. रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

आता मी मोठी बाई आहे, दुकान मी चालवते, आणि माझी मुलगी मला हसते कारण शटरचं कुलूप मी तीनदा ओढून बघते. तिला वाटतं हा स्वभाव आहे. असेलही. पण एखादं काम फार छान झालंय असं वाटलं की मला अजून भीती वाटते, आणि ती भीती मला त्या गुरुवारी लागली.

गुरुवारी अकराच्या सुमारास म्हात्रेभाऊ आले ते रस्त्यावरूनच ओरडत. त्यांच्या मागे एक माणूस वाकून शटरखालून आत आला. उंच, दाढी वाढलेली, वरचा एक दात नाही, डावं कोपर सोललेलं, आणि पँट मांडीपासून घोट्यापर्यंत ओली. डावा पाय तो जपून टाकत होता.

"काय केलास काय गो ह्ये?" म्हात्रेभाऊंनी बूट फळीवर आपटला. "बर्फावर पाय ठेवला आनि गेला ना त्यो आडवा! वलायला गेला, सरकला. थांबायला गेला, सरकला. भिताडावर जाऊन आपटला. काका, तुमच्या भरवशावर आनलेलं मी!"

झेन्यानं बूट उलटा केला, ती आरशासारखी पट्टी काकांच्या डोळ्यांजवळ नेली, आणि शांतपणे हिंदीत म्हणाला, "यह मर गया." ओरडला असता तर मला सोसलं असतं.

काकांनी पट्टीवर अंगठा फिरवला, मग बोट, मग पुन्हा अंगठा. मी त्यांच्या मागे उभी होते. त्यांना कळलं की नाही मला माहीत नाही, पण ते म्हणाले, "माझी चूक आहे. डोळ्यांत औषध होतं, दिसलं नाही. मीच घासलं. मैंने किया."

मी गप्प राहिले. हे लिहायला मला अजून लाज वाटते, पण राहिले. मला वाटलं, काका मोठे आहेत, त्यांना कोण काय म्हणणार? आणि माझं नाव आलं तर दुकानाचं नाव जाईल, लोक म्हणतील सांगितलं होतं की नाही, आणि रविवारी दादाचा फोन येईल. विहिरीवाल्या त्या घराची पायरीसुद्धा मला दिसली.

झेन्यानं स्टूल ओढलं आणि काकांच्या समोर बसला. त्याला भांडायचं नव्हतं. त्याला माहिती हवी होती. बोटांनी दाखवत तो विचारू लागला, "कितना निकाला? आगे कितना? पीछे कितना?" त्यानं हातानं हवेत होडीचा तळ काढला. "यह गोल... तोड़ा? यह गोल टूटा, तो खतम. नहीं टूटा, तो शायद..." आणि तो काकांच्या तोंडाकडे बघत राहिला.

काका मशीनकडे बघू लागले. त्यांना काय माहीत किती काढलं ते? त्यांनी ते बूट हातात धरले होते एकदाच, मी दाखवले तेव्हा. मला दिसलं की ते आता काहीतरी अंदाजानं सांगणार, आणि हा माणूस त्यावर विश्वास ठेवणार.

"मी केलं," मी म्हणाले. झेन्याला कळावं म्हणून हिंदीत पुन्हा म्हणाले. "मैंने किया. काकांनी नाही. लांबीची गोलाई तशीच आहे, तिला मी हात नाही लावला. फक्त मधला खळगा काढला. मला वाटलं झिजलंय."

म्हात्रेभाऊ म्हणाले, "अरे देवा." काकांनी मान खाली घातली. झेन्यानं बूट उचलला, एक डोळा मिटून पट्टीच्या लांबीत बघितलं, बराच वेळ. मग दुसरा बूट. मग माझ्याकडे वळून एकच विचारलं, "गोल रखा? क्यों रखा?"

"ते बनवणाऱ्यानं दिलंय म्हणून."

म्हात्रेभाऊंनी ते त्याला हिंदीत सांगितलं. तो हसला नाही, पण खांदे खाली आले. आमच्या पावतीबुकावर त्यानं पेन घेतलं आणि पट्टीचा आडवा छेद काढला, मोठा करून. खाली दोन शिंगं आणि मधे कमान. एका शिंगावर बोट ठेवलं, "एक धार." दुसऱ्यावर ठेवलं, "दो धार." वळताना एक बर्फात रुतते, दुसऱ्या बाजूला वळताना दुसरी. मधला खळगा नसेल तर कडाच नाहीत, आणि कडा नसतील तर माणूस काचेवर साबण. मी जी झीज समजून घालवली होती, तीच धार होती. खळगा किती खोल, ते त्यानं स्वतःच्या डोक्याचा एक केस उपटून दाखवलं. एवढा.

नवे बूट मिळण्यासारखे नव्हते. त्याच्या पायाच्या मापाचा जोड मैदानावर नव्हता आणि बाहेरून यायला आठवडा लागला असता. काकांनी विचारलं, कमान कसली, किती गोल? अर्धा इंच त्रिज्या, झेन्या म्हणाला. काका गल्ल्यातली नाणी फळीवर ओतून पट्टीनं मोजू लागले. जुना एक रुपया आडवा मोजला तर इंचाला केसभर कमी. "झालं," काका म्हणाले. इतका वेळ त्यांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं, आता बघितलं. "वस्तऱ्याच्या पात्याला खोलगट पोट कसं येतं, सांग."

"चाकाच्या गोलाईनं."

"मग हे पोट पण चाकानंच येणार. फक्त चाकाची कड आपल्याला गोल करावी लागेल. माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही, पोरी. तुला करायचंय." रागाचा एक शब्द नाही. मला वाटलं, यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

तुपाच्या डब्याचा पत्रा कापून काकांनी त्यात रुपयाच्या मापाचं अर्धं भोक पाडलं, कानशीनं घासलं. तो आमचा साचा. सगळ्यात पातळ चाक मी मशीनला लावलं, आणि हिऱ्याची कांडी टेकवून त्याची कड गोल करायला घेतली. थोडं घासायचं, मशीन बंद, साचा लावून बघायचा, उजेड कुठून येतो ते बघायचं, पुन्हा मशीन सुरू. दगडाची पांढरी भुकटी माझ्या पापण्यांवर बसली. म्हात्रेभाऊ मैदानावरचे भाड्याचे जुने बूट घेऊन आले, हात बसवायला. पहिल्या जोडाची कमान एका बाजूला गेली, एक शिंग उंच आणि एक बसकं. दुसऱ्याचं पुढचं टोक निळं पडलं, जळलं. तेव्हा काकांनी स्वतःच मशीन बंद केली आणि डबा उघडला. "जेवा आधी. झेनराव, आप भी." एवढ्या मोठ्या माणसाला 'झेन्या' म्हणायला काकांची जीभ वळत नव्हती, त्यांना ते गण्या-पक्यासारखं वाटायचं. ते शेवटपर्यंत झेनरावच म्हणत राहिले.

डब्यात भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा. झेन्यानं ठेचा बोटभर घेतला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि पुन्हा घेतला. जेवताना तो बोलला. अर्धं हिंदी, अर्धं हातवारे, मधे इंग्रजी. म्हात्रेभाऊ लागेल तिथं सांगायचे. त्याचं गाव नदीकाठचं, कारखान्याचं. हिवाळ्यात वडील अंगणात नळीनं पाणी सोडून ठेवायचे आणि सकाळी ते बर्फाचं मैदान झालेलं असायचं. चार वर्षांचा असताना त्याला त्यावर उभं केलं. बाराव्या वर्षी लांबच्या शहरात, खेळाच्या वसतिगृहात. "स्कूल नाम का," तो म्हणाला. "सिर्फ हॉकी. मैं कुछ नहीं पढ़ा." ते म्हणताना त्यानं माझ्याकडे बघितलं, कारण काकांनी त्याला मघाशीच सांगितलं होतं की ही आठवीपर्यंतच शिकली. विसाव्या वर्षी तो वरच्या लीगमध्ये गेला. तिथं बूट लावायला वेगळा माणूस असायचा. आपण सकाळी यायचं, पाय घालायचे. तो माणूस कोण, त्याचं नाव काय, हे आपण दोन हंगामांत एकदाही विचारलं नाही, असं तो म्हणाला. मग कोणीतरी भिंतीपाशी मागून आदळलं आणि डावा गुडघा फिरला. मग खालची लीग, सोळा-सोळा तास बसनं प्रवास, दर वर्षी नवं गाव, आणि शेवटी एका उन्हाळ्यात संघवाल्यांनी फोन उचलणं बंद केलं. मला त्यातलं निम्मं कळलं नसेल. पण फोन न उचलणं कळलं, आणि आईला इतकं लांब सोडून बाराव्या वर्षी जाणं कळलं. भाकरीचा शेवटचा तुकडा त्यानं भरीताच्या डब्याच्या कडेनं फिरवला, अगदी आमच्यासारखा.

तिसरा जुना जोड बरा निघाला. दोन्ही कडांवर फूटपट्टी आडवी ठेवली तर ती समतल बसली. झेन्यानं नखावर कड ओढून बघितली, नखाची बारीक साल निघाली. तेव्हा त्यानं स्वतःचे बूट माझ्यासमोर ठेवले. आणखी चुकायला त्यात पोलाद उरलं नव्हतं, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. बूट दोन लाकडी पट्ट्यांत आवळला होता आणि काका पलीकडून तो धरून होते. मला फक्त सरळ ओढत न्यायचं होतं, न थांबता, सारख्या दाबानं. मी श्वास धरला की सोडला ते आठवत नाही. आवाज आठवतो. सपाट घासताना चाक ओरडतं. त्या दिवशी ते कुजबुजल्यासारखं वाजलं. शेजारच्या दवाखान्यातले पेशंट जाऊन संध्याकाळचे पेशंट आले, शिंप्यानं दिवा लावला, आणि मग दोन्ही बूट झाले. झेन्यानं बघितले, पिशवीत घातले. चांगले झाले म्हणाला नाही. "कल सात बजे," म्हणाला, "तुम आओ."

घरी मावशीला काकांनी सगळं सांगितलं. मला वाटलं आता ती काही बोलेल. तिनं माझे हात धरून दिव्यापाशी नेले, पापण्यांवरची भुकटी ओल्या कापडानं पुसली आणि म्हणाली, "सकाळी थंडी असन तिथं. माहं सेटर घालून जा."

शुक्रवारी मॉल उघडायच्या आधी मागच्या दारानं म्हात्रेभाऊंनी आम्हाला आत घेतलं. सगळी दुकानं बंद, सरकते जिने बंद, आणि मधे ते पांढरं मैदान, वर धूर तरंगत असलेलं. मी बर्फ पहिल्यांदाच इतका बघितला. तोवर बर्फ म्हणजे सरबताच्या गाडीवरचा. म्हात्रेभाऊंना बर्फाच्या मशीनवर लक्ष ठेवायचं होतं, म्हणून झेन्यानं फोन माझ्या हातात दिला. व्हिडिओ मी काढायचा. मी म्हणाले, माझे हात हलतात. तो म्हणाला, "हिलने दो."

तो बर्फावर उतरला. पहिली दोन पावलं त्यानं अगदी हळू टाकली, म्हातारा माणूस ओल्या मोरीत टाकतो तशी. मग एक लांब पाऊल, आणि मला तो आवाज ऐकू आला. खर्र. नवं कापड मोठ्या कात्रीनं सरळ फाडत न्यावं तसा. काकांनी माझा दंड धरला; त्यांना दिसत फारसं नव्हतं, पण आवाज त्यांना कळला होता. झेन्या मैदानाला एक फेरी मारून आला, मग उलटा, मग आतल्या बाजूला झुकत इतका, की हात बर्फाला टेकतोय वाटावं. शेवटी त्यानं लांबच्या टोकाकडून वेग घेतला, सरळ आमच्या दिशेनं, कमरेएवढ्या काचेच्या कठड्याच्या दिशेनं. डाव्या पायावर थांबून दाखवायचं होतं. संघवाल्यांना तेच बघायचं होतं. मी फोन धरला होता, पण डोळे मिटले. मिटलेच. फोननं बघितलं ते मी बघितलं नाही. मला फक्त एक मोठा फस्स आवाज आला आणि तोंडावर थंड भुकटी उडाली. डोळे उघडले तर तो काचेपासून हातभर अंतरावर डाव्या पायावर उभा होता, धापा टाकत, आणि वरच्या जबड्यातली ती रिकामी जागा दाखवत हसत होता. व्हिडिओ थोडा हललेला होता. त्यानं तो तसाच पाठवला.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते कोणाला सांगू नये. रोज सकाळी मिक्सर वाजला की पहिला विचार तोच: आज उत्तर आलं असेल का? आणि नकार आला, तर तो गुडघ्यामुळे की माझ्यामुळे? आदल्या दिवशी पडला नसता तर शुक्रवारी अजून चांगला पळाला असता, असं मी कात्र्या लावताना स्वतःला सांगत राहायची. काकांना विचारलं तर म्हणायचे, "आपलं काम आपण केलं." पण तेही रस्त्यावर कोणी उंच माणूस दिसला की मान वर करायचे.

पुढे त्याचं काय झालं ते मला फोनवरच कळत गेलं, म्हणून इथेच सांगते. त्यांनी त्याला दोन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. दोन महिन्यांचा एक पूर्ण हिवाळा झाला. मग गुडघ्यानं पुन्हा नाही म्हटलं, आणि आता तो आपल्या गावात लहान मुलांना उभं राहायला शिकवतो. एक हिवाळा. त्यातल्या एका सामन्याचा तुकडा त्यानं पाठवला होता. एवढ्या माणसांत तो कुठला ते मला ओळखू येईना, मग तो वळला आणि वळण्यावरून ओळखला. दादाला मी त्या वर्षी सांगितलं की इकडे जमलंय, स्थळ दुसऱ्या कोणाला सांग. एरवी हे मला कधी म्हणता आलं नसतं. काका आता नाहीत. मावशी आहे, तिच्या हातची भाकरी आता घरातल्या माणसांपुरतीच होते.

पण त्या वेळी यातलं काहीच माहीत नव्हतं. अकराव्या दिवशी दुपारी मी मिक्सरचं एक पातं धरून बसले होते आणि शटरखालून झेन्या वाकून आत आला. एकटाच. चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांच्याकडचे चेहरे मला तेव्हा वाचता येत नव्हते. त्यानं काकांना नमस्कार केला, स्टुलावर बसला, आणि पाठीवरची पिशवी पुढे घेतली. मी पातं खाली ठेवलं. त्यानं बूट काढले, एकेक करून फळीवर ठेवले, माझ्या बाजूला.

"परसों फ्लाइट," तो म्हणाला. "फिर से करो. वैसा ही."

मी काकांकडे बघितलं. लाकडी पट्ट्यांत बूट आवळून पलीकडून धरायला ते उठतील, या विचारानं मी सरकून जागा करून दिली. काका उठले खरे. चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला, झेन्याच्या पाठीवर थाप मारली आणि पायरी उतरले.

"मी जरा चहा सांगून येतो," म्हणाले.

चहा सांगायला काका कधी दुकानाबाहेर जात नसत. समोरच्या टपरीला बसल्या जागेवरून हाक मारायचे. मी त्यांना रस्ता ओलांडून जाताना बघत राहिले. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. झेन्यानंही स्टूल फिरवलं, मशीनकडे पाठ करून तो रस्त्याकडे तोंड करून बसला आणि मोबाइल काढला.

मी ओढणी कमरेला बांधली, पहिला बूट आवळला, आणि बटण दाबलं.